मळीचा ओढा आणि बंद पाकीट

माझा स्वभाव संशयी आहे. आज हे कबूल करतो. तेव्हा मी त्याला चोख कामाची सवय म्हणत असे. भाजीवाल्याने तोलून दिलेली वांगी मी घरी आणून पुन्हा तोलायचो, आणि ती बरोबर भरली की घरच्या तराजूवर शंका घ्यायचो. आमची ही म्हणायची, "देवाला हात जोडतानासुद्धा तुमचा एक डोळा चपलांवर असतो." खरंच असायचा. सांगलीला एका देवळाबाहेरून माझ्या नव्या चपला गेल्या होत्या, तेव्हापासून.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोनेक वर्षं. मी साताऱ्याला बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. उंब्रजच्या पुढे एका गावाजवळ साखर कारखान्याचा मळीचा खड्डा फुटला आणि सगळी काळी घाण ओढ्यात उतरली. काठावरच गावाची पिण्याची विहीर. तिच्या पाण्याला आंबलेल्या गुळाचा वास यायला लागला. बाया मैलभर चालून नदीचं पाणी आणू लागल्या. ओढा उपसायचा, ती घाण बैलगाड्यांनी लांबच्या माळावर नेऊन टाकायची आणि हे काम ठेकेदाराला द्यायचं, असं ठरलं.

ठेकेदारांची टेंडरं उघडण्याआधी कामाला किती खर्च यावा, याचा हिशेब सरकारने स्वतः करून ठेवायचा असतो. एरवी तो आकडा जाहिरातीतच छापतात. पण मळी उपसण्याचा दर आमच्या दरांच्या पुस्तकात नव्हता. माती होती, मुरूम होता, खडक होता. मळी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. मोठे साहेब म्हणाले, "तुम्ही स्वतः जाऊन अंदाज काढा. आकडा बाहेर फुटता कामा नये, नाहीतर ठेकेदार त्याच्या जवळपासच टेंडर भरतील. बंद पाकिटात द्या." एवढ्या मोठ्या ऑफिसातून त्यांनी मलाच का निवडलं, याचाही मला दोन दिवस संशय येत होता.

मी साध्या कपड्यात उंब्रजला उतरलो आणि एक गाडीवान दिवसभरासाठी ठरवला. घाण गळू नये म्हणून बाजूंना फळ्या ठोकलेली त्याची गाडी होती. सरकारी माणूस आहे हे कळू नये म्हणून त्याला सांगितलं, पाहुण्यांच्या शेतात खत म्हणून मळी टाकायची आहे, किती खेपा होतात ते बघतोय.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आवं, हिच्यानं काठचं गवात जळालंय, आन तुमी शेतात टाकनार?"

"तुला काय करायचंय? तू गाडी भर."

मळी मातीसारखी फावड्यावर बसत नाही, घसरते. चढावर बैलांचे पाय सरकतात. त्यामुळे दिवसात मातीच्या जेवढ्या खेपा होतात, तेवढ्या मळीच्या होत नाहीत. नेमक्या किती होतात, हेच सगळ्या अंदाजाचं मूळ होतं. ओढ्याची लांबी-रुंदी कुणीही टेप लावून मोजेल. खेपा मात्र दिवसभर बसल्याशिवाय कळणार नव्हत्या.

गाडीवान म्हणाला, "म्या परतेक खेपंला फळीवर कोळशानं रेघ वढतो." मला ते पटलं नाही. कोळशाची रेघ पुसता येते, एखादी जास्तही मारता येते. मी खिशातून पेन्सिलीला टोक करायचा चाकू काढला आणि प्रत्येक खेपेला स्वतःच्या हाताने फळीवर खाच कोरली. वर उजाडल्याची खूण, खाली दिवस मावळल्याची खूण, मध्ये जेवणाची सुट्टी दाखवणारी आडवी खाच. संध्याकाळी माझ्या वहीतला आकडा आणि फळीवरच्या खाचा तंतोतंत जुळल्या. मी खूश झालो. त्याची फळी खराब झाली म्हणून तो कुरकुरला, तेव्हा त्याला एक रुपया जादा दिला.

अंदाजपत्रक टाइप करायला आमच्याकडे एक माजी सैनिक होता. दुष्काळी माण तालुक्यातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. पलटणीत कारकुनी केलेली. ताठ बसायचा, विचारल्याशिवाय बोलायचा नाही. नोकरी तात्पुरती, कायम होण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर पडून होता. कायम झाला की बायकोला साताऱ्याला आणणार होता. मंगळवार तळ्याजवळ दोन खोल्याही बघून ठेवल्या होत्या त्याने. "नळ हाय सायेब," एवढंच मला एकदा म्हणाला होता. माणच्या माणसाला नळ म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं.

तो टाइप करत असताना मी शेजारी उभा राहिलो. कागद काढून घेतला, त्याचा कार्बन माझ्या हाताने जाळला, पाकिटाला लाख लावली. तरी संध्याकाळी जाताना त्याने एक निळा कागद घडी करून खिशात घातलेला मी पाहिला. दोन दिवसांनी एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात तो सांगलीच्या एका ठेकेदाराबरोबर चहा पिताना दिसला. मी दुकानाच्या आडोशाला उभा राहून त्याचा चहा संपेपर्यंत बघत राहिलो. पैसे कुणी दिले, तेवढं दिसलं नाही.

टेंडरं उघडली. पाकिटाची लाख शाबूत होती. सगळ्यात कमी टेंडर त्याच सांगलीच्या ठेकेदाराचं होतं, आणि माझ्या आकड्यापेक्षा ते फक्त चाळीस-पन्नास रुपयांनी खाली होतं. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हा कागद कुणाकुणाच्या हातात गेला होता?"

"माझ्या आणि टायपिस्टच्या," मी म्हणालो. मग निळ्या कागदाचं सांगितलं, चहाचं सांगितलं. साहेब म्हणाले, लिहून द्या. मी लिहून दिलं. अक्षर चांगलं काढून, मुद्द्यांना आकडे घालून दिलं.

कायम होण्याचा कागद परत गेला. महिनाअखेरीला त्याची मुदत संपली, ती वाढवली नाही. जाताना त्याने टाइपरायटर पुसला, त्यावर कव्हर घातलं आणि मला सलाम केला. सगळं उघडकीला आलं तरी माणूस किती निर्ढावलेला, असं मला तेव्हा वाटलं.

काम सुरू झाल्यावर मी पाहणीला ओढ्यावर गेलो. ठेकेदाराच्या दहा-बारा गाड्या चालू होत्या. त्यातल्या एका गाडीवानाने हात वर केला. "आवं खतवालं सायेब! वळकलं का?"

त्याच्या गाडीला तीच फळी होती. खाचांमध्ये मळी बसून त्या आणखी ठळक झाल्या होत्या.

"ह्या खाचांनी लय नाव केलं बगा माजं," तो हसत म्हणाला. "ठेकेदारसायेब टेंडर भराय आल्तं, तवा उंब्रजच्या बाजारात त्येनी माजी गाडी बगितली. बोट लावून मळीच्या खेपा मोजल्या. ह्यो जेवनाचा टाइम का, म्हनून इचारलं. म्हनलं व्हय. तवा ठेकेदारसायेब म्हनलं, येवढ्या इमानानं कोन कोरून ठेवतं गड्या?"

मी फळीवरून बोट फिरवलं. खाचा माझ्याच होत्या.

परत येऊन साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता गाडलेली मढी उकरू नका. ती जागा भरली." लेखी दिलं, त्याला उत्तर आलं नाही. तेव्हा एका रविवारी मी टायपिस्टच्या गावी जायला दहिवडीची एसटी धरली.

त्याचं घर गावाबाहेर होतं. मला पाहून तो बाजेवरून उठून ताठ उभा राहिला, मग बसायला घोंगडं टाकलं. दारात त्याची बायको उशीच्या अभ्र्यावर राघू भरत होती. अर्धा राघू हिरव्या दोऱ्यात होता, अर्धा अजून निळ्या कार्बनच्या रेघेत. शेजारी विटलेला, भोकं पडलेला कार्बन पडला होता. मी कार्बनकडे बघतोय हे पाहून तो म्हणाला, "हापिसात फेकून देत्यात, म्हनून आनला हुता. नक्षी काढाय बरा पडतो." चहाचं मी विचारलं नव्हतं, तरी तेही त्याने सांगितलं; दुकानाच्या आडोशाला मी त्याला तेव्हाच दिसलो असावा. तो ठेकेदार त्याच्याच पलटणीत होता.

मी त्याला फळीचं सांगितलं. सगळं सांगितलं, मी काय लिहून दिलं होतं तेही. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. आत जाऊन तांब्या घेऊन आला आणि माझ्यासमोर ठेवला. गढूळ पाणी फडक्याने गाळून घेतलेलं होतं.

"सायेब," तो म्हणाला, "तुमी खेपा मोजाय दिसभर गाडीजवळ बसला. मला येकदा बी इचारलं न्हाई."

मी तांब्या उचलला. ते पाणी त्याच्या बायकोने किती लांबून आणलं असेल, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण विचारता आलं नाही. प्यालो आणि रिकामा तांब्या खाली ठेवला.