शिंप्याचं बोट

माझा मामा टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. उभ्या जन्मात त्याने जे सिनेमे पाहिले ते वीतभर काचेतून. केबिनमध्ये प्रोजेक्टरची दोन मशिनं, बसायला एक स्टूल, आणि काचेपलीकडे उजेडाच्या झोतात तरंगणारी धूळ. मशीनच्या खडखडाटात संवाद धड ऐकू येत नसत. मग निम्मी गोष्ट तो मनानेच रचायचा आणि जेवताना आम्हाला खरी म्हणून सांगायचा. लहानपणी मी कुठले सिनेमे पाहिले आणि कुठले नुसते मामाच्या तोंडून ऐकले, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

एका सिनेमाने मात्र त्याला छळलं. त्यात एक शिंपी असतो. त्याच्या ओळखीच्या पोस्टमनवर खुनाचा खोटा आळ येतो आणि तो बिचारा शिंप्याच्या दुकानात पडद्याआड लपतो. याने काही केलेलं नाही, हे शिंप्याला पक्कं ठाऊक असतं. तरी पोलीस आल्यावर तो गुपचूप पडद्याकडे बोट दाखवतो.

"का दाखवतो पण?" मामा विचारायचा.

"जळत असेल मेला," मामी म्हणायची. "तू जेव."

मामाचं समाधान व्हायचं नाही. कारण नेमक्या त्याच वेळी सिनेमाच्या पडद्याच्या कोपऱ्यात काळा ठिपका यायचा. ठिपका म्हणजे रीळ संपत आलं, दुसरं मशीन चालू करा. मामाची नजर ठिपक्यावर, हात खटक्यावर. पुन्हा काचेतून पाहीपर्यंत पोस्टमनच्या हातात बेड्या! शेकड्याने खेळ लावले, पण बोट दाखवतानाचा शिंप्याचा चेहरा त्याला एकदाही दिसला नाही. मला याचं फार हसू यायचं. मामा हसायचा नाही.

वीस-बावीस वर्षं गेली. टॉकीज बंद पडली. परवा दुपारी मामाकडे गेले होते, तर टीव्हीवर तोच सिनेमा. मामी आत पडली होती. पडदे ओढलेले, पंखा संथ फिरत होता, आणि आम्ही दोघं अर्धवट पेंगत बघत होतो. शिंप्याचं दुकान आलं तशी मामाची नजर सवयीने वरच्या कोपऱ्याकडे गेली. मी उठून त्या कोपऱ्यावर तळहात ठेवला. "आज कोपरा नाही. चेहरा बघ."

शिंपी शिवत होता. त्याने मान वर केली, बोट दाखवलं, पुन्हा मान खाली घातली. चेहऱ्यावर ना राग, ना भीती. मशीनवरचा पायसुद्धा थांबला नाही त्याचा.

"एवढंच?" मामा म्हणाला. "काम चालू राहायला हवं होतं, एवढंच?"

आणि मग त्याने ते सांगितलं. हाच सिनेमा टॉकीजला लागलेला असताना एका दुपारी ऑफिसच्या कपाटातली प्रोजेक्टरची भारी लेन्स नाहीशी झाली होती. अंधारात बॅटरी दाखवून लोकांना जागेवर बसवणाऱ्या बॅटरीवाल्या काकांवर आळ आला. "मी केबिनमध्ये होतो," ते म्हणाले. होतेच. मामा तापाने फणफणलेला, स्टुलावर झोपून गेलेला, आणि रिळं काकांनी बदललेली. पण मशीनपाशी झोपणाऱ्या ऑपरेटरला कोण ठेवेल? मॅनेजरने विचारलं तेव्हा मामा म्हणाला, "केबिनमध्ये मी एकटाच होतो."  काकांनी मामाच्या झोपेबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांची नोकरी गेली, लेन्स काही सापडली नाही.

मला मामाची चीड आली आणि दयाही आली. तो चपला शोधत होता.

काकांचं घर दोन गल्ल्या सोडून. त्यांनीच दार उघडलं. मामा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "त्या दिवशी मी झोपलो होतो. रिळं तू बदललीस."

"अरे, मला काय सांगतोस?" काका हसले. "मी होतो ना तिथे."

मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आत ये. हिला सांग. हिला अजून वाटतं, लेन्स मीच घेतली."