साहेब येणार म्हणून

माझी थोरली बहीण, आमची ताई, पार्टीच्या खाण्यासाठी साऱ्या गोतावळ्यात नावाजलेली आहे. नावाजलेली कसली, अडकलेली! लग्न नवीन असताना भावजींनी न सांगतासवरता ऑफिसातले लोक घरी आणले. घरात कालचा ब्रेड, दोन काकड्या, थोडं चीज आणि द्राक्षं, एवढंच. तिने ब्रेडचे चौकोन तव्यावर कुरकुरीत केले, काकडीच्या चकत्यांवर घट्ट दही नि मिरपूड घातली, चीज आणि द्राक्षं काड्यांना टोचली. एका घासाचं सगळं, ताटलीसुद्धा नको. लोक खूश! आणि ताई लाजून म्हणाली, "अहो, सोपं तर आहे." तेच नडलं.

सोपं आहे म्हटल्यावर मदतीला कोण येतंय? भावजींची बढती असो की भाच्याच्या मित्रांची मॅच, ट्रे भरायचे ताईने. बाहेर हशा पिकला की ती स्वयंपाकघराच्या दारातून मान काढून विचारते, "काय झालं?" तोवर विनोद संपलेला असतो. "आई, तुझ्या हाताची चव कोणालाच नाही," भाचा म्हणतो. हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं नि खालून शिडी काढून घ्यायची, दुसरं काय!

तिचा साठावा वाढदिवस जवळ आला. "मला काही नको," ती फोनवर म्हणाली. "चार दिवस तुझ्याकडे येते. नुसती बसते. तू देशील ते खाते." जन्मात पहिल्यांदा बाईने काही मागितलं होतं. मी खोली आवरली, पडदेसुद्धा धुतले.

आदल्या दिवशी पुन्हा फोन. "अगं, नाही जमत. उद्या आपल्या पोराचे साहेब येतायत घरी, शिवाय ऑफिसची पंचवीसेक माणसं. त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"आणि तुझा वाढदिवस?"

"नसेल लक्षात कोणाच्या. कामात असतात गं."

आवाज इतका बारीक, की मला रडूच आलं. तेवढ्यात ताईच्या सूनबाईचा फोन. "मावशी, साहेब-बिहेब कोणी नाही! आईंना सरप्राइज द्यायचंय. तुम्ही या, पण बोलू नका हं." मला कोण आनंद! ठरवलं, पार्टी होऊ दे, आणि मग हिला घेऊनच परत यायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले तर दिवाणखान्यात अंधार आणि पाहुणे तोंडावर हात धरून बसलेले. मी हळूच सूनबाईला विचारलं, "खाणं कुठून मागवलं?"

"मागवायचं कशाला? आईच करतायत! साहेबांसाठी म्हणून सकाळपासून उभ्या आहेत. जरासुद्धा संशय आलेला नाही त्यांना!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काही बोलायच्या आत भाच्याने हाक मारली, "आई, साहेब आले, ट्रे आण!" ताई आली. दिवे लागले, सगळे ओरडले. ती ट्रे घेऊन तशीच उभी. भावजींच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं हो! खोटं असतं तर बरं झालं असतं.

केक कापला, आणि लगेच कोणीतरी म्हणालं की चीजच्या काड्या संपल्या. ताई आत गेली. मी मागोमाग.

"चल," मी म्हटलं. "उद्या नाही, आत्ता. माझ्याबरोबर चल."

"कशी येऊ? सगळ्यांनी माझ्यासाठी केलंय."

"सगळ्यांनी? अगं, तूच केलंयस!"

"हळू बोल." तिने काडीला द्राक्ष टोचलं, मग चीज, मग पुन्हा द्राक्ष. "साहेबांसाठी असतं ना, तर उद्या चार शब्द भांडले असते. सुटकेस उचलून आले असते. आता कोणाशी भांडू? भांडायला जागाच ठेवली नाही गं यांनी."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोही लाडाने.

बाहेर भाचा मोठ्याने सांगत होता, "ऐका, ऐका! आईचा चेहरा पाहिलात ना? ठरलं! यापुढे दरवर्षी असंच करायचं!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

"दरवर्षी," ताई म्हणाली. मला नाही, त्या ट्रेकडे बघत.

"आई, कुठे आहेस? सगळे तुझीच वाट बघतायत!"

"आले, आले," म्हणत तिने ट्रे उचलला आणि खांद्याने दार ढकललं.