कार्पेटवर ताडी सांडायची नाही

माझ्या मैत्रिणीच्या लग्नात तिच्या वारलेल्या वडिलांचं नाव घ्यायचं नाही, असं पास्टरनी सांगितलं. ऐकल्या ऐकल्या मी पत्रक लिहायला घेतलं. मला दुसरं येतं काय? भाडेकरूंसाठी, व्हिसाच्या फीविरुद्ध, दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनच्या ट्रॅम स्टॉपवर उभं राहून इतकी पत्रकं वाटली आहेत, की राग आला की डोक्यात आधी मथळाच येतो. त्या दिवशीचा होता, ‘पूर्वजांना परवानगी देणारे तुम्ही कोण?’

मैत्रीण इग्बो. घरचे नायजेरियाचे, ती क्रॉयडनमध्ये वाढलेली. आईचा चर्चचा रविवार कधी चुकत नाही. वडील मात्र उतारवयात चर्च सोडून गावच्या जुन्या धर्माकडे परतले, आणि गेल्या वर्षी वारले. इग्बो लग्नात सगळ्यांत आधी कोलाच्या झाडाचं बी फोडतात. घरातला वडीलधारा पुरुष ते हातात धरून प्रार्थना करतो, गेलेल्यांना नावानं हाक मारून बोलावतो, त्यांच्यासाठी थोडी ताडी जमिनीवर ओततो. त्या हाकांत बाबांचं नाव असावं, एवढीच तिची इच्छा. पण हॉल चर्चचा. पास्टरचं म्हणणं, प्रार्थना येशूच्या नावानं करा. मेलेल्यांना हाक मारणं म्हणजे सैतानाला दार उघडणं.

वा रे वा! इग्बोंच्या सर्वांत थोर देवाचं नाव चुक्वू. मिशनऱ्यांनी ते सरळ आपल्या देवाला लावलं, आणि त्याच्या शेजारपाजारच्या देवांना सैतान ठरवून मोकळे झाले. नाव चालतं, ते नाव पिढ्यान्पिढ्या घेणारी माणसं चालत नाहीत. लंडनच्याच दुसऱ्या टोकाला, हॅरोत, आमचे बाबा पितृपक्षात मागच्या बागेत पान वाढून ठेवतात. कावळा फिरकत नाही, खार येऊन वडा पळवते. बाबा म्हणतात, “आजोबांना या देशात जे वाहन मिळालं, त्यावर आले.” त्यांना कुणी सैतानाचे दलाल म्हटलं, तर मी गप्प बसेन?

मैत्रिणीनं माझा मथळा वाचला. “पत्रक नको हं. लग्न आहे माझं, मोर्चा नाही.”

“मग बी तूच फोड. तूच नाव घे.”

“बायका कोला फोडत नाहीत.”

“काय?”

“फोडत नाहीत. परंपरा.” ती खो खो हसायला लागली. “आता बोला कॉम्रेड! पत्रक कुणाविरुद्ध? चर्चच्या की पूर्वजांच्या?”

“दोघांच्या. पाठपोट छापते!”

हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसत ती म्हणाली, “चर्चमधल्या बायका आईला सांगतात, तुझा नवरा नरकात गेला म्हणून. आई घरी येऊन भांडी घासत बसते.”

बी फोडणार होते तिचे थोरले काका. ते कार्डिफच्या त्यांच्या चर्चमध्ये वजनदार माणूस. त्यामुळे मला त्यांची काडीची आशा नव्हती.

लग्नाच्या दिवशी काकांनी कोलाची बशी उचलली. कोलाला इंग्रजी कळत नाही म्हणतात, म्हणून सगळं इग्बोत. मैत्रीण मला कानात सांगत होती. प्रत्येक वाक्यानंतर बहुतेक जण ‘आमेन’ म्हणत. कोपऱ्यातले दोन-तीन म्हातारे मात्र ‘इसे’ म्हणत, जुन्या धर्मातलं तथास्तु. काकांनी येशूच्या नावानं शेवट केला आणि बी फोडायला घेतलं. मैत्रीण मान खाली घालून बसली.

तेवढ्यात तिची आई उठली. “भावजी, थांबा. सगळ्यांना बोलावून झालं नाही अजून.”

“सिस्टर,” पास्टर म्हणाले, “आपलं ठरलं होतं ना?”

“पास्टर, अब्राहाम, इसहाक, याकोब यांची नावं आपण दर रविवारी घेतो. ते काय जिवंत आहेत? माझ्या नवऱ्याचं त्यांच्यामागून घ्या. रांगेत उभा राहील तो, सवय होती त्याला.”

म्हातारे फिसकन हसले. पास्टरनी काकांकडे पाहिलं, काकांनी छताकडे.

“पण ताडी हॉलमध्ये ओतायची नाही,” पास्टर शेवटी म्हणाले. “कार्पेट आहे.”

सैतानावरून गाडी कार्पेटवर आली, तेव्हाच मी ओळखलं, जिंकलो.

बशी, बाटली, नवरानवरी, सगळी वरात कार पार्कमध्ये. कचऱ्याच्या डब्यांपलीकडे थोडं गवत होतं, तिथे काका उभे राहिले आणि आजोबा-पणजोबांपासून एकेकाला हाक मारत ताडी ओतू लागले. पास्टर दारात थांबले होते. मग हळूच दोन पावलं बाहेर आले. सगळ्या हाका झाल्यावर बी फुटलं, चार फाकांचं निघालं, म्हणजे शुभ. मलाही तुकडा मिळाला. कडूजहर! बायकांनी ते का फोडायचं नाही, हे भांडण मी अजून सोडलेलं नाही. मैत्रीण म्हणते, पहिल्या बाळाच्या बारशाला बघू.

पण त्याआधी, हाकांच्या अगदी शेवटी, काकांनी धाकट्या भावाचं, म्हणजे मैत्रिणीच्या बाबांचं, नाव घेतलं. नेमकी तेव्हाच रस्त्यावरून बस गेली.

“ऐकू नाही आलं,” मैत्रिणीची आई म्हणाली. “परत घ्या.”

काकांनी घसा खाकरला, आणि पार ट्रॅम स्टॉपपर्यंत जाईल अशा आवाजात भावाला हाक मारली.