पडीक रान

आयुष्यभराच्या कारकुनीत मी जाणूनबुजून एकच खोटी नोंद केली, ती एका आडव्या पडलेल्या म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून.

निजामी अमलात मी तहसिलीत नवा कारकून होतो. नरसीजवळच्या एका गावी जमिनींची नोंद करायला गेलो, तेव्हा ओढ्याकाठच्या पळसाच्या रानात तो उताणा पडला होता. रान त्याचंच. मी वही उघडून 'पडीक' असं लिहिलं.

"पडीक काहून?" उठण्याची तकलीफ न घेता तो पायाच्या अंगठ्यानं एकेक झाड दाखवू लागला. "या पानांच्या पत्रावळीवर समदं गाव जेवतं. त्या बाभळीचा डिंक बाजारात जातो. वर मोहळ हाय. अन् त्या ढोलीतली घुबडं उंदरं मारून राहिलीत, म्हणून शेजारची ज्वारी घरात येते. समदे कामावर हायेत, साहेब. पडीक म्हणाल तर इथं मी एकटाच हाय."

मला पटलं. 'पडीक' खोडून मी मोठ्यानं म्हणत लिहू लागलो, "उत्पन्नाचं रान..."

तो ताडकन उठला आणि त्यानं माझा हातच धरला. "तसं लिवू नका! आज सारा लागंल, उद्या ठेकेदार कुऱ्हाड घेऊन येईल."

"पण आत्ताच तर तुम्ही सांगितलंत!"

"तुमाला सांगितलं. सरकारला न्हाई."

मी ते खोडून पुन्हा 'पडीक' लिहिलं. तो परत आडवा झाला आणि डोळे मिटून म्हणाला, "पडीक हाय म्हणून तर उभं हाय ते."