नीराबाई घरी गेली नाही

थेरोंड्याच्या बाळाजी कोळ्याला अक्कल आली ती भावजयीच्या हातून, आणि तीही फार उशिरा.

नीराबाईचा नवरा चंदर तापानं गेला ते साल एकोणीसशे सत्तावीस. तेरावं होतं न होतं तोच धाकट्या दिरानं, बाळाजीनं, त्याची होडी बळकावली. "बाईच्या जातीला दर्या कशाला?" म्हणाला, आणि दर हंगामाला तिला काशीदच्या वाळूवर खलाशांचं रांधायला धाडू लागला. मासळी सुकवायला तिथं नारळाच्या झापांची खोपटी पडत आणि माणसं पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तिथंच राहत.

बाळाजीला वाटलं, ब्याद टळली. नीराबाईला मात्र ते खोपटं सासरच्या घरापेक्षा गोड झालं. तिथं कोणी पाणउतारा करत नव्हतं, आणि काशीदचीच म्हातारी ठमाबाई शिकवताना हातचं राखत नव्हती. वारा ओळखणं, जाळं विणणं, फाटलेलं सांधणं ती तिथंच शिकली. हंगाम सरला की तागाची जाळी कुजू नयेत म्हणून गोड्या पाण्यात धुवायची, ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळायची, कडकडीत वाळवायची, मगच माळ्यावर टाकायची, हेही शिकली. घरी परतण्याआधी दरसाल ती हे सगळं निमूटपणे करी. बाळाजीला वाटे, आपली जाळी मुळातच चिवट. आयत्या बिळावरचा नागोबा तो, त्याला काय ठाऊक!

एका साली खोपटी मोडू लागली तशी ती म्हणाली, "भावजी, मी घरी न्हाय येत. हितंच ठमाबाईकडं र्‍हाते."

"र्‍हा! तुज्यावाचून काय आडलंय?" म्हणत बाळाजीनं खारट, ओली जाळी तशीच गोळा करून नेली.

नीराबाई बघत होती. ओठांवर आलेले शब्द तिनं गिळले. खोटं कशाला सांगा, गिळताना तिला फार बरं वाटलं.

नारळी पुनवेला बाळाजीनं माळ्यावरून जाळी काढली, तर ती कुजून हातातच तुटू लागली. धावत काशीदला आला; तिथं पावसाळाभर नीराबाईनं नवी जाळी विणली होती. "वयनी, तू इनलेली जाळी दे. गावात इज्जत जाईल माजी."

"माज्या धन्याची व्हडी हितं आन. मंग देते."

"व्हडी न्हाय मिलाची!"

"मंग जा."

"दे गो," ठमाबाई म्हणाली. नीराबाईनं दिली नाही.

खलाशी दुसऱ्या होड्यांवर गेले. चंदरनं हौसेनं बांधून घेतलेली होडी सबंध हंगाम किनाऱ्यावर उन्हात तडकत पडली. फळ्या उकलल्याचं कानावर आलं तेव्हा नीराबाई ऊर फुटेस्तोवर रडली. "जाली तूच राखत व्हतीस ते आता कललं, घरी ये," असा बाळाजीनं निरोप धाडला, तर तिनं पुन्हा नाहीच म्हटलं.