चाबी काढून दंडवत

तीन वर्षं मी देवाला मनापासून दंडवत घातला नव्हता. मणक्याच्या आजारानं दोन्ही पाय गेले, तेव्हापासून मनात एकच प्रश्न होता. लहानपणापासून नेमानं रिद्धपूरची स्थानं, म्हणजे देवाचे पाय लागलेल्या जागांवरचे ओटे, केली, मग माझ्याच वाट्याला हे का? आमच्या महानुभाव घरात असा प्रश्न कोणी तोंडातून काढत नाही. मीही काढला नाही, फक्त रिद्धपूरला जाणं थांबवलं. कोणी विचारलं तर सांगायचे, उचलून नेलेलं मला आवडत नाही. तेही खरंच होतं.

भातकुलीकडच्या आमच्या गावात मी शाळेत शिकवत होते. घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, त्यामुळे ती शाळा सुटली तेव्हा पायांपेक्षा तिचंच दुःख जास्त झालं. यंदा भावानं अमरावतीहून बॅटरीवर चालणारी स्कूटर आणून दिली. चार चाकं, बसायला खुर्ची, समोर हँडल आणि हँडलला एक खटका. खटका दाबला की गाडी चालते, सोडला की आपोआप थांबते. महिनाभर अंगणात सराव केला. शाळेनंही या म्हटलं. पण मी गावच्या रस्त्यानं एकटी जाणार, हे माझ्या यजमानांना काही पटेना. भाजी-फुलांची शेती करणारा माणूस, माझं दुखणं त्यांनीच काढलेलं. शेवटी एके दिवशी म्हणाले, "रिद्धपूरले घेऊन चालतो. तिथल्या गल्ल्या एकटीनं करून दाखव. नीट फिरली तं शाळेत जाय. पडली तं गाडी वापस. मंग माह्यासंगं भांडाचं नाही."

"नाही भांडत."

"आन हात कायनं जोडसीन? दोन्ही तं हँडलले."

फुलं नेतो त्या टेम्पोत स्कूटर चढवली आणि निघालो. रिद्धपुरात मी वेगाचं बटण कासवाच्या चित्रावर ठेवलं, गल्लीच्या कडेकडेनं गेले, उतारावर गाडी तिरपी होऊ दिली नाही. हे मागून चालत होते. तीन स्थानं झाली. मी सुखात होते आणि थोडी गर्वातही.

चौथ्या स्थानाचा ओटा खुर्चीइतक्याच उंचीचा होता. गाडी अगदी लगत लावली तर डोकं टेकेल असं दिसलं. तीन वर्षांत ओट्याला माझं कपाळ लागलं नव्हतं. मला भरून आलं आणि चाबी बंद करायचं भान राहिलं नाही. तोल सांभाळायला एक हात हँडलवर ठेवून मी वाकले. बोटं आवळली, खटका दाबला गेला, गाडी सरकली. पुढे दगडी पायऱ्या खाली उतरत होत्या. आजाराआधी मी स्कूटी चालवायचे. त्या सवयीनं हाताला वाटलं, ब्रेकच आहे, आणि मी दोन्ही हातांनी हँडल धरून खटका आणखी जोरात दाबला. यांची हाक ऐकू आली, पण ते लांब होते.

"हात सोड, बाई."

आवाज शांत होता. मी दोन्ही हात सोडले. गाडी जागच्या जागी थांबली. पुढची चाकं पायरीपासून वीतभर अलीकडे होती.

ओट्यापलीकडे एक म्हाताऱ्या तपस्विनी बसल्या होत्या. मी विचारलं, "आई, हात सोडला की ही थांबते, हे तुम्हाला कसं माहीत?"

"मले काय माहीत तुया गाडीचं? तू जीव खाऊन धरून बसली होती, म्हून म्हनलं."

हे धावत आले. त्यांचं तोंड उतरलं होतं. "झालं. पडली असती आता."

"पडली कुठं?" तपस्विनी म्हणाल्या. "थांबली ना."

मी म्हटलं, "चूक माझी आहे. चाबी चालू ठेवून वाकले. आता पाहा." गाडी मागे घेतली, थांबवली, चाबी काढून मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी ओटा धरून कपाळ टेकलं. किती वेळ, ते सांगता येत नाही. प्रश्न होता तिथेच होता, पण आता तो टोचत नव्हता.

त्यानंतर गावातली उरलेली सगळी स्थानं मी केली. प्रत्येक ठिकाणी आधी चाबी काढायची, मग वाकायचं. शेवटच्या स्थानापाशी यांनी विचारलं, "शाळा किती वाजता भरते तुयी?" मी वेळ सांगितली. "रस्त्यात एक खड्डा हाय. आधी तो बुजवतो," एवढंच म्हणाले.

आता मी रोज शाळेत जाते. मुलं फाटकाशी बाजूला होऊन म्हणतात, "मॅडमची गाडी येऊन राहिली." त्या दिवशी कोणी वाचवलं यावर मी वाद घालत नाही. माझ्या पदवीनं मला गाडीचं माहितीपुस्तक वाचता आलं, पण घाबरल्या क्षणी त्यातली एकही ओळ आठवली नाही. आठवण करून देणारं कोणी तिथे बसवलेलं होतं, याबद्दल मी कृतज्ञ आहे. सावध राहणं माझं काम, ते मी करते. त्यापुढे हात मोकळे ठेवते.