लस्सादचं कुंपण

ट्युनिशियातल्या सफाक्स शहरात बाब जब्ली वेशीच्या बाजूला लस्सादचं दुकान आहे. युरोपातून टाकाऊ म्हणून आलेले सर्व्हर तो उघडतो, पुसतो आणि पुन्हा कामाला लावतो. त्याला काहीच फेकवत नाही.

“मेमरीचं एक पान नासलं म्हणून कोणी अख्खं पुस्तक फाडतं का?” तो गिऱ्हाइकाला विचारतो. गिऱ्हाईक घड्याळ बघतं.

लस्साद तरीही सांगतोच. कर्नेल म्हणजे संगणकाचा मूळ कारभारी. तो सगळ्या मेमरीची लहान लहान पानं पाडतो. एखाद्या पानावर सारख्या चुका दिसल्या, की तिथला मजकूर हलकेच दुसरीकडे नेतो आणि ते पान बंद करतो. मजकूर वाचवता आला नाही, तर त्या पानावर विसंबलेला तेवढा प्रोग्राम मरतो; बाकी मशीन चालू. जुन्या मशीनला स्वतःचा रोग कळत नाही. मग लस्साद आधीच कर्नेलच्या कानात सांगून ठेवतो, या पत्त्यावर पाऊल टाकू नकोस. याला तो कुंपण म्हणतो.

“माणसांत इतकी सभ्यता नाही,” तो म्हणतो.

ती आणायची वेळ आली. लस्सादच्या लग्नासाठी त्याची माणसं इब्तिहेलच्या घरी जाऊन आली होती. आता तिचे वडील हाज तौफीक लेकीला घेऊन उलट भेटीला येणार होते. मन भरलं तर तिथेच कुराणातला फातिहा वाचायचा, लग्न पक्कं.

धोका एकच होता. शादली मामा. आईचा एकुलता भाऊ, त्यामुळे टाळता येत नाही. याआधीच्या दोन सोयरिकी त्यानेच मोडल्या होत्या. एका मुलीच्या बापाला त्याने भर बैठकीत विचारलं होतं, “दात खरे आहेत का?” दुसऱ्याला सांगितलं होतं, “आमचा लस्साद फक्त गणितात नापास. आणि भूगोलात.”

लस्सादने मामासाठी अंगणात लिंबाच्या झाडाखाली एक खुर्ची ठेवली. पंखा लावला. वाढायला दुकानातले तीन मित्र बोलावले. त्यांनी मामाला कधी पाहिलं नव्हतं.

“ओळखायचं कसं?” त्यांच्यातल्या अनीसने विचारलं.

“ओळखायची गरजच नाही. ती खुर्ची लक्षात ठेवा. तिच्यावरच्या माणसाशी बोलायचं नाही. कॉफी द्यायची नाही. कॉफी पोटात गेली की तो सुरू होतो.”

पाहुणे आले. ओम्मीने, म्हणजे लस्सादच्या आईने, हाजना अंगणातल्या कोचावर बसवलं आणि इब्तिहेलला घेऊन ती आत गेली. लस्साद आत शर्ट बदलत होता. तेवढ्यात बंदरावरच्या मासळीच्या गुदामातून फोन आला.

“तुझं मशीन पुन्हा कोसळलं! मासळी काय तुझ्या घरी पाठवू?”

“काल तर धूळ पुसून…” लस्साद थांबला. धूळ पुसायला मेमरीच्या पट्ट्या काढल्या होत्या. परत बसवताना त्यांची अदलाबदल झाली असणार. नासकं पान नव्या पत्त्यावर गेलं आणि कुंपण राहिलं जुन्याच जागी.

त्याने खिडकीतून सहज बाहेर पाहिलं.

कोचावर ऊन आलं होतं. हाज तौफीक उठून लिंबाखाली पंख्यापाशी बसले होते. रिकाम्या कोचावर उशिरा आलेला शादली मामा बसला होता. नुकतेच ताटं घेऊन आलेले दोन मित्र त्याला गोड बकलावा भरवत होते, “घ्या ना हाज!” जन्मात मक्केला न गेलेला मामा घेत होता.

“अस्सलामु अलैकुम,” हाज अनीसला म्हणाले. आवाजावरून बहुतेक पहिल्यांदा नसावं. अनीस आभाळाकडे बघत राहिला.

हाज उठले. “इब्तिहेल, चल! या घरात सलामालासुद्धा उत्तर मिळत नाही.”

लस्साद बटणं न लावताच धावला. “हाज, पत्ता बदलला! कुंपण नासक्यासाठी होतं…”

“मी नासका?”

“हाज, ती खुर्ची माझी होती,” मामा तोंडातला घास गिळत म्हणाला. “माझं तोंड वाईट. पोराच्या दोन सोयरिकी मीच मोडल्यात.”

लस्सादने डोळे मिटले. दोन सोयरिकींची गोष्ट हाजना अजून सांगितलीच नव्हती.

“बाबा,” इब्तिहेल दारातून म्हणाली, “आणि बेया आत्या इथे भलतंच बोलेल म्हणून आपण तिला वरच्या खोलीत कोंडून आलोय, त्याचं काय?”

हाज खोकले. “कोंडून कुठे? टीव्ही लावून दिलाय.”

“बाहेरून कडी घालून.”

मामा हसायला लागला. हाजनी हसू दाबून पाहिलं, पण त्यांनाही जमलं नाही.

“बरं,” ते म्हणाले, “वाचू फातिहा. पण आधी मला कोणीतरी कॉफी द्या.”

तिघेही मित्र जागचे हलले नाहीत. हाजचा हात अजून त्याच खुर्चीवर होता.